तिच्या नावचे पैसे

साशंक : महिन्याला २,०१६ रुपये. आदिलाबाद जिल्ह्यात नवरा गेलेल्या बाईला तेलंगणा सरकार ‘आसरा’ योजनेतून एवढी पेन्शन देतं. यानं तिच्या घरात नेमकं काय बदलतं, ते मला कुणीतरी हिशेब मांडून दाखवावं. मी माझा मांडतो. बेला, जैनथ, तलमडगू या पट्ट्यात शेती म्हणजे कापूस. २०२४च्या हंगामात बीटी बियाण्याच्या पाकिटाची सरकारी किंमत ८६४ रुपये होती. एकराला दोन पाकिटं धरली, तर महिनाभराच्या पेन्शनीत एका एकराचं बियाणं येतं. खताची गोणी त्यात बसत नाही, निंदणाची मजुरी आणि डवऱ्याचे फेर तर दूरच. ही रक्कम ठरली २०१९ साली. त्यानंतर तेल, डाळ, औषधं कुठल्या कुठे गेली. २०२३च्या निवडणुकीत ४,०००चं वचन दिलं गेलं, पण त्यानंतरही दीर्घकाळ बाईच्या हातात पडत राहिले २,०१६च. तिला खरं काय हवं आहे? शेत तिच्या नावावर, कापसाला भाव, आणि गावाजवळ उघडा असलेला दवाखाना. यातलं काही न देता दरमहा चार नोटा देणं सरकारला सगळ्यांत स्वस्त पडतं. मला त्या पैशाचा राग नाही, ताई. त्या पैशावर आपण समाधान मानतो, याचा आहे.

आश्वस्त : भाऊ, तुमच्या आकड्यांत चूक नाही. पण तो हिशेब शेताचा झाला. मी घराचा मांडते. बेल्याकडच्या एका गावातलं घर मी बरीच वर्षं बघते आहे. बाई साठीच्या आसपासची, घरात मुलगा, सून, दोन नातवंडं. संयुक्त आंध्र होतं तेव्हा पेन्शन दोनशे रुपये. ते यायचे आणि मीठ-मिरचीत जायचे, घरात कुणाच्या ध्यानातही यायचे नाहीत. नोव्हेंबर २०१४ मध्ये त्याचे १,००० झाले आणि पुढे २,०१६. आता त्या घरात काय झालं ते बघा. तिच्या बीपीच्या गोळ्या आधी मुलगा आदिलाबादला गेला की आणायचा, म्हणजे आठवलं तर आणायचा. गोळ्या संपल्या हे दुसऱ्यांदा सांगायची तिला चोरी वाटायची. मग चार दिवस बिनगोळीचे जायचे. आता ती स्वतः बसमध्ये बसते. डिसेंबर २०२३ पासून बायांना बस फुकट आहे. कंडक्टरनं दिलेलं झिरो तिकीट ती घडी घालून पेन्शनच्या कार्डात ठेवते. गोळ्या घेते, नातीसाठी अंडी घेते, स्वतःसाठी पावशेर शेव घेते. कुणाला विचारत नाही.

पेन्शनच्या दिवशी पोस्टातून ती चार पाचशेच्या नोटा आणि वरचे सोळा रुपये घेऊन येते. सोळा रुपये दारातच नातवंडांना वाटले जातात, ती त्यांची ठरलेली वाटणी. नोटा पदराच्या गाठीला. पेरणीच्या दिवसांत मुलगा म्हणतो, “माय, हजार रुपये होतीन का तुयापाशी?” बहुतेक वेळा ती देते. तुम्ही म्हणाल, मग पैसा शेतातच गेला ना? गेला. पण पूर्वी मागणारी ती होती आणि ठरवणारा तो. आता महिन्यातून एकदा का होईना, मागणारा तो असतो आणि ठरवते ती. दोन वर्षांपूर्वी ती एकदा “नाही” म्हणाली. सुनेला दिवस गेले होते, पैसे तिच्या सोनोग्राफीला ठेवायचे होते. त्या ‘नाही’ची किंमत तुमच्या बियाण्याच्या पाकिटात कशी मोजणार?

साशंक : मोजता येत नाही हे कबूल. पण तुम्ही जे घर दाखवलंत ते बऱ्या मुलाचं आहे. मी दुसरं दाखवतो. आईला पेन्शन सुरू झाली, तसं मुलगा म्हणाला, “आता तुयं तुले भागते.” आणि चूल वेगळी झाली. पूर्वी तो आईला पोसत होता, नाइलाजानं का होईना, पण दोन वेळचं ताटात पडत होतं. सरकारचे दोन हजार आले आणि मुलाचे दोन हजार थांबले. आईच्या हातात काय वाढलं? शून्य. उलट गेलं ते सुनेच्या हातचं जेवण आणि रात्रीचं कुणाचंतरी बोलणं. त्याच गावात दारूचं बेल्ट शॉप आहे. पेन्शनच्या तारखेला तिथं गर्दी वाढते, ती बायांची नसते. दुकानदाराचंही बघा. किराणावाला म्हणतो, “माय, घेऊन जा, पेन्शनवर देजो.” बाईला वाटतं पत वाढली. पण महिन्याच्या नोटा हातात पडायच्या आत दुकानदाराच्या वहीत खर्ची पडलेल्या असतात. आणि त्या हातात पडतात तरी कशा? आयुष्यभर कापूस वेचलेली बोटं आहेत ती. बोंडाच्या वाळक्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी असतात, एका हंगामात बोटांची सालटं निघतात. तो अंगठा पोस्टाच्या मशीनवर ठेवला की मशीन ओळखत नाही. बाई अंगठा पदराला पुसते, ओला करते, दुसऱ्या हाताचा लावून बघते, आणि “उद्या या” ऐकून परत जाते. तिच्या कष्टानंच तिची ओळख पुसली आणि सरकार तिला म्हणतं, तू तूच आहेस हे सिद्ध कर.

आश्वस्त : अंगठ्याचं खरं आहे आणि त्याची चीड मलाही येते. ज्या बाईला पोस्टमास्तर, सरपंच आणि रांगेतली सगळी माणसं नावानं ओळखतात, तिला मशीननं परत पाठवावं याचं समर्थन कुणीही करू नये. पण तो पैसे देण्याच्या रीतीतला दोष आहे, देण्यातला नाही.

चूल वेगळी होण्याचं थोडं थांबून बघू. तुम्ही ते नुकसान म्हणून मांडलंत. काही घरांत ते नुकसानच असतं. पण वेगळी चूल ही त्या बाईची फार जुनी इच्छाही असू शकते. रोज सुनेच्या तोंडाकडे बघून भाकरी मागणं, आपण किती खाल्लं याची नोंद दुसऱ्याच्या डोळ्यांत वाचणं, हे ज्यांनी भोगलंय त्या बाया मला सांगतात की पहिल्या दिवशी स्वतःच्या चुलीवर केलेली ज्वारीची भाकर त्यांना गोड लागली. मुलानं हात आखडला तर तो मुलाचा दोष आहे. त्यासाठी आईची पेन्शन काढून घ्यायची का? पूर्वी त्याचं पोसणं उपकार होता. उपकार बंद झाला, हक्क सुरू झाला. रक्कम तीच राहिली असेल, पण हक्काचे पैसे मिळवायला कुणाच्या पाया पडावं लागत नाही.

बेल्ट शॉपबद्दल एवढंच म्हणते की दारूची भीती दर वेळी पुढे केली जाते, ती तपासून घेतली पाहिजे. २०११-१२च्या सुमारास ‘सेवा’ या संघटनेनं मध्य प्रदेशात इंदूर जिल्ह्यातल्या ८ गावांत प्रत्येक प्रौढ माणसाला दरमहा आधी २०० आणि नंतर ३०० रुपये विनाअट दिले, मुलांना त्याच्या निम्मे. दारूवरचा खर्च वाढल्याचं दिसलं नाही. खाणं सुधारलं, औषधं वेळेवर घेतली गेली, शेळ्या-कोंबड्या आल्या, लोक स्वतःच्या शेतावर जास्त राबले. आणि पैसा कुणाच्या हातात पडतो यानं फरक पडतो, हेही नुसतं माझं म्हणणं नाही. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेद संपत आला तेव्हा काळ्या वृद्धांनाही मोठी पेन्शन मिळू लागली. एस्थर डुफ्लो यांच्या २००३ मध्ये आलेल्या अभ्यासात दिसलं की आजीला पेन्शन असलेल्या घरात नातींची तब्येत सुधारली, आजोबांना पेन्शन असलेल्या घरात तसं झालं नाही. माझ्या बेल्याच्या आजीची अंडी आणि ही आफ्रिकेतली आजी, दोघी एकच गोष्ट सांगताहेत.

साशंक : ठीक. म्हातारीच्या बाबतीत मी एक पाऊल मागे घेतो. तिच्या गरजा ठरलेल्या, तिचं घर ठरलेलं, तिला हवाय तो मान. पण सत्तावीस वर्षांच्या बाईचं काय? आदिलाबादच्या कापूसपट्ट्यात विधवा म्हटलं की नुसती म्हातारी डोळ्यांपुढे आणून चालत नाही. नवऱ्यानं विष घेतलेलं, वीज पडलेली, ट्रॅक्टर उलटलेला. पदरात दोन लेकरं. तिला २,०१६ रुपये दिले म्हणजे काय दिलं? केंद्राची विधवा पेन्शन तर चाळिशीच्या आत नाहीच, आणि चाळिशीनंतरही २०१२ पासून तिथं ३०० रुपयेच आहेत. ३०० रुपयांत देशाचं सरकार एका बाईचं वैधव्य निभावतं.

आश्वस्त : म्हणूनच मला रयतू बीमाबद्दल बोलायचं आहे, कारण तिथं तेलंगणानं एक गोष्ट नीट ओळखली. ऑगस्ट २०१८ पासून ज्याच्या नावावर जमिनीचं पट्टा-पासबुक आहे अशा १८ ते ५९ वर्षांच्या शेतकऱ्याचा विमा सरकार एलआयसीकडे उतरवतं, हप्ता सरकारच भरतं. शेतकरी गेला की वारस म्हणून नाव दिलेल्या माणसाला ५ लाख रुपये, आणि दहा दिवसांत द्यायचे असं बंधन. महत्त्वाचं म्हणजे, तो कसा गेला हे विचारलं जात नाही.

याचं मोल पैनगंगेच्या पलीकडे गेल्यावर कळतं. नदीच्या त्या बाजूला यवतमाळ जिल्हा. तीच काळी माती, तोच कापूस, बोलीही तीच, सोयरिकी नदीच्या आरपार. महाराष्ट्रात शेतकऱ्यानं आत्महत्या केली तर २००६ पासून १ लाखाची मदत आहे. पण ती मिळायला आत्महत्या ‘पात्र’ ठरावी लागते. शेत त्याच्या किंवा कुटुंबाच्या नावावर होतं का? कर्ज बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं होतं का? वसुलीचा तगादा होता का? ज्या सावकारानं रात्रीबेरात्री दारात येऊन शिव्या दिल्या, त्याच्याकडे परवाना नव्हता, म्हणून ते कर्ज हिशेबात धरलं जात नाही. बाईनं काय करायचं? नवऱ्याच्या मरणाचं कारण कागदावर सिद्ध करायचं. तलाठी येतो, पोलीस येतात, शेजाऱ्यांचे जबाब होतात. कुणीतरी सांगतं की तो प्यायचा, कुणी सांगतं घरात भांडण होतं, आणि बाई ऐकत बसते. शेवटी ‘अपात्र’ शेरा पडला की मदत तर जातेच, वर गावात कुजबुज राहते की मग खरं कारण घरातलंच असेल. आंध्रातही २००४ पासून असंच होतं, चौकशी समिती आणि दीड लाख. तेलंगणानं २०१५ मध्ये ती मदत ६ लाखांवर नेली, पण समिती राहिलीच. रयतू बीमानं बाईला या चौकशीतून सोडवलं. नवरा गेला एवढं पुरे. मला विचाराल तर ५ लाखांपेक्षा मोठी गोष्ट ही आहे.

साशंक : मोठी आहे. तुम्ही ती मांडलीत तेव्हा मला यवतमाळची एक चौकशी आठवली आणि तुमचं म्हणणं पटलं. पण त्याच योजनेचा पाया बघा, पट्टा-पासबुक. पैसा जमिनीच्या कागदामागून जातो. दुसऱ्याचं शेत मक्त्यानं करणारा, ज्याच्या डोक्यावर मक्त्याचं ओझं पेरणीआधीच बसतं, सर्वांत जास्त कर्जात तोच असतो, आणि त्याच्या नावावर पासबुक नाही. तो गेला तर बाईला ५ लाख नाहीत. ज्याची जमीन अजून बापाच्या नावावर आहे तो पस्तिशीचा मुलगा गेला, तर बाईला ५ लाख नाहीत. वारस म्हणून कुणाचं नाव लिहिलंय तेही बघा. लग्नाआधी फॉर्म भरला असेल तर नाव आईचं किंवा भावाचं.

आणि समजा नाव तिचंच आहे, पैसे तिच्याच खात्यात आले. तेराव्याचे मांडव उतरायच्या आत घरात कोण कोण येतं? दीर येतो, बोअर मारायची राहिली आहे, शेत काय एकट्याचं आहे का. सासरे येतात, नवऱ्याच्या नावावरचं कर्ज आहे, तेही नवऱ्यासोबत गेलं का? माहेरचा भाऊ येतो, तुझे पैसे मी सांभाळतो. नणंदेचं लग्न ठरलेलं असतं. कुणाचाच हेतू उघड वाईट नसतो, प्रत्येकाकडे खरी गरज असते. आणि ती बाई डोक्यावर पदर घेऊन कोपऱ्यात बसलेली, रडणं अजून थांबलेलं नाही. तिथं ती कुणाकुणाला नाही म्हणणार? तुमच्या म्हातारीनं दोन हजारांना नाही म्हटलं कारण दोन हजारांसाठी कुणी तिचं घर तोडणार नव्हतं. ताई, माझा मुद्दा आता पहिल्यापेक्षा वेगळा झाला आहे. छोटी रक्कम बाईजवळ टिकते, कारण ती लुबाडण्याइतकी नसते. मोठी रक्कम तिचं आयुष्य बदलू शकते, पण नेमकी तीच तिच्याजवळ टिकू दिली जात नाही.

आश्वस्त : हे तुम्ही नेमकं पकडलंत आणि याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. महाराष्ट्रानं एक तोडगा काढला होता. एक लाखातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेव म्हणून अडकवलेले. मला ते पूर्वी फार खुपायचं. बाई विधवा झाली म्हणजे तिला पैशाची अक्कल राहिली नाही, असं सरकारनं गृहीत का धरावं? पण बायांशी बोलताना दिसलं की काहीजणी त्या कुलपाचाच आधार घेतात. दीर आला की म्हणतात, “मी तर देले असते भाऊजी, पण पैसे ब्यांकेत अडकले हायेत.” जे स्वतःच्या तोंडानं म्हणता येत नाही ते बँकेच्या नियमाच्या तोंडून म्हणता येतं. म्हणून आता वाटतं की कुलूप असावं, पण किल्ली तिच्याकडे असावी. तिनं मागितलं तर ठेव, तिनं मागितलं तर मोकळे. अशी सोय मी कुठे बघितलेली नाही.

आणि काही मदत अशीही असते की ती कुणाला काढूनच घेता येत नाही. झिरो तिकीट घ्या. दीर म्हणू शकत नाही की तुझं तिकीट मला दे. नदीपलीकडच्या माहेरी जायला बाईला पूर्वी कुणाकडेतरी भाड्याचे पैसे मागावे लागायचे, म्हणजे माहेरी जाण्याचं कारणही सांगावं लागायचं. आता तेलंगणाच्या हद्दीपर्यंत फुकट आणि पुढे महाराष्ट्राच्या एसटीत मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. जिच्यावर सासरी दबाव येतोय, तिला एका सकाळी उठून आईकडे जाता येणं ही साधी गोष्ट नाही.

साशंक : नाही, साधी नाही. पण ती बसनं माहेरी गेली तरी परत शेताकडेच यायची आहे, आणि शेत तिच्या नावावर नाही. ‘मकाम’ या महिला शेतकऱ्यांच्या मंचानं २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या आत्महत्याग्रस्त घरांमधल्या ५०५ बायांची पाहणी केली होती. त्यांतल्या सुमारे ४० टक्के बायांना, त्या स्वतः कसत असलेल्या जमिनीवरही हक्क मिळालेला नव्हता. नदीच्या अलीकडे चित्र फार निराळं असेल असं मला वाटत नाही. उटनूर-इंदरवेल्लीच्या डोंगरात तर हिंदू वारसा कायदा लागूच नाही, अनुसूचित जमाती त्यातून वगळलेल्या आहेत. गोंड, कोलाम बाईचा वारसा तिच्या जमातीच्या रूढीवर.

आश्वस्त : पण त्याच डोंगरात २००६च्या वनहक्क कायद्यानं पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायला सांगितलं आहे. म्हणजे जिथं हक्कपत्र मिळालं तिथं कोलाम बाईचं नाव नवरा जिवंत असतानाच कागदावर आलं. तिला विधवा होईपर्यंत थांबावं लागलं नाही. खालच्या काळ्या मातीतल्या कुणब्याच्या बायकोला हे भाग्य नाही. तिचं नाव पहिल्यांदा सरकारी कागदावर ठळक येतं ते नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यासोबत.

साशंक : हेच मला शेवटचं आणि सर्वांत मनातलं विचारायचं आहे. हा सगळा पैसा तिला कशासाठी मिळतो? ती विधवा आहे म्हणून. पेन्शन चालू ठेवायची तर तिनं विधवाच राहिलं पाहिजे. दुसरं लग्न केलं की पेन्शन बंद. आपल्याकडे कुणब्यांत आणि इतर कितीतरी जातींत पाट लावायची, मोहतूर करायची रीत होती. गोंडांत धाकट्या दिराशी घरोबा करायची मुभा होती. मानववंशशास्त्रज्ञ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ १९४०च्या दशकात याच जिल्ह्यात राहून गेले, त्यांनी ते लिहून ठेवलं आहे. ज्या समाजांत बाई पुन्हा संसार करू शकत होती, तिथं सरकार दरमहा पैसे देऊन सांगतं की करू नकोस.

आणि हे पहिल्यांदा होत नाही. १८५६च्या विधवा पुनर्विवाह कायद्याचं आपण कौतुक करतो. त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात होतं की पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क संपला, जणू ती मेली. ज्या जातींत पाट आधीपासून चालत होता, ज्यांना त्या कायद्याची गरजच नव्हती, त्यांनाही मुंबईच्या उच्च न्यायालयानं तो दंड लावला. सुधारणा उच्चवर्णीय विधवेची आणि शिक्षा कष्टकरी विधवेला. १९५६च्या वारसा कायद्यानंतर ती अट गेली, एकदा मिळालेला वारसा लग्नानं जात नाही. पण पेन्शनीच्या नियमात तीच अट वेगळ्या वेशात परत आली आहे. तरुण बाई मग काय करते? घरोबा करते आणि लपवते. कुंकू पुसून पोस्टात जाते. तुम्ही म्हणता पैशानं तिला हक्क दिला. मी म्हणतो त्याच पैशानं तिला खोटं बोलायला लावलं.

आश्वस्त : यावर मी तुमच्याशी भांडणार नाही. कुंकू पुसून येणारी बाई मीही बघितली आहे आणि तिच्याकडे न बघितल्यासारखं केलं आहे, कारण नियमाच्या बाजूनं बोलायची माझी इच्छा नव्हती. माझं म्हणणं एवढंच, की अट काढा, पैसा काढू नका. दुसरं लग्न झालं तरी निदान लेकरं मोठी होईपर्यंत पेन्शन चालू ठेवा.

साशंक : की मग विधवा हा शिक्काच नको? महाराष्ट्रात जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेत सधवा, विधवा, परित्यक्ता, सगळ्यांना १,५०० रुपये. तिथं बाईला नवरा असण्या-नसण्यावर पैसे अवलंबून नाहीत.

आश्वस्त : पण तिथंच गंमत नव्हे, दुःख आहे. विधवेला संजय गांधी निराधार योजनेचे १,५०० आधीच मिळत होते. ते घेते म्हणून तिला लाडक्या बहिणीचे नाहीत. म्हणजे शेजारच्या नवरा असलेल्या बाईला १,५०० आणि हिलाही १,५००. जिच्या घरातली कमाई बंद पडली तिच्यासाठी वेगळं असं काही उरलंच नाही. सगळ्यांना सारखं दिलं की शिक्का जातो, हे मान्य. पण तिचं संकट सारखं नाही. आणि आणखी एक गोष्ट आहे, जी योजनेच्या कुठल्याही कागदात नसते. ज्या बायांना कुणी हळदीकुंकवाला बोलावत नाही, त्या महिन्यातून एकदा पोस्टाच्या ओसरीवर एकत्र बसतात. २०२२ मध्ये कोल्हापूरकडच्या हेरवाड गावानं विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला तेव्हा सगळ्या महाराष्ट्रात बातमी झाली. इथं कुणी ठराव केला नाही, पण पेन्शनच्या दिवशी वीस-पंचवीस जणी तीन-चार तास बोलत बसतात. कुणाची फेरफाराची फाइल कुठे अडली, कुठल्या डॉक्टरकडे पैसे कमी लागतात, कुणाच्या दिरानं काय केलं. तरुण बाईला काय करायचं ते तिथल्या म्हाताऱ्या सांगतात.

साशंक : मग अंगठ्याचा त्रास जावा म्हणून उद्या पैसे थेट बँकेत टाकले, तर ही बैठक मोडेल.

आश्वस्त : मोडेल. आणि तरीही मी बँकेत टाका असंच म्हणेन, कारण सालटं निघालेल्या अंगठ्यानं तीन खेपा घालायला लावणं माझ्या मनाला पटत नाही. बैठकीचं काय करायचं ते बायांनाच बघावं लागेल.

साशंक : तुमच्या त्या बैठकीतून एखाद्या तरुण बाईचं शेत खरंच तिच्या नावावर झालंय का?

आश्वस्त : एक खटपट चालू आहे, तलमडगूकडची. मुलगी अठ्ठावीसची. तिच्या नवऱ्याच्या नावावर तीन एकर होते, रयतू बीमाचे ५ लाख आले. म्हाताऱ्यांनी सांगितलं तसं तिनं पहिल्याच आठवड्यात ४ लाख लेकरांच्या नावे ठेवीत टाकले. दीर रागावला, पण गप्प बसला. आता विरासतीचा अर्ज दिलाय आणि तो सासूच्या सहीवर अडलाय. आई म्हणून सासूही कायद्यानं बरोबरीची वारस.

साशंक : सासू सही का देत नाही?

आश्वस्त : तीही विधवाच आहे. पेन्शनच्या रांगेत असते, आमच्याच बैठकीत बसते, दुसऱ्यांच्या सुनांना शहाणपण सांगते. स्वतःच्या सुनेच्या कागदावर मात्र हात थांबतो. तिला वाटतं सून अजून तरुण आहे, उद्या पाट लावेल, शेत घेऊन दुसऱ्या घरी जाईल, आणि म्हातारपणी आपल्या अंगणापुढे परक्याचा कापूस उभा राहील.

साशंक : तिची भीती चुकीची आहे का?

आश्वस्त : नाही. तिचा मुलगा गेलाय. शेतातला स्वतःचा वाटा ती पहिल्यांदाच बघते आहे. तिच्या नवऱ्याच्या वेळी तिला कुणी काही विचारलंच नव्हतं, तेव्हा जमीन सरळ मुलाच्या नावावर चढली.

साशंक : मग इथं तुमचा पैसा काय करतो, ताई? एकीचे दोन हजार, दुसरीचे पाच लाख, आणि दोघींच्या मध्ये तीन एकर.

आश्वस्त : इथं पैसा भांडण मिटवत नाही. पण एकीला खायला घालायला दुसरी लागत नाही, म्हणून अजून कुणी कुणाला घराबाहेर काढलेलं नाही. पुढच्या महिन्यात पेन्शनच्या दिवशी सून तिच्यासोबत पोस्टात येणार आहे. सासूचा वाटा वेगळा लिहून उरलेल्यावर सही घ्यायची, असं दोघींपुढे ठेवून बघणार आहोत. एक एकर सासूचा, दोन सुनेचे आणि लेकरांचे. सासू विचारते आहे की रस्त्यालगतचा एकर तिला मिळेल का. सून अजून काही बोललेली नाही.